गच्चीवरची रातराणी आणि तिच्या सोबतिणी

रात्री दरवळणाऱ्या झाडांची ओळख रंगापेक्षा वेळेवरून होते. गुलबक्षी दुपार कलताना उमलते. मोगऱ्याची टपोरी कळी दिवेलागणीला सैल पडते. रातराणी अंधार दाटल्यावर तोंड उघडते, ब्रह्मकमळ निजानीज होताना, आणि पारिजातक रात्रभर फुलून पहाटे जमिनीवर सडा टाकतो. ही सगळी झाडे कुंडीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात लावता येतात, पण प्रत्येकाची ऊन, पाणी आणि जागेची मागणी वेगळी असते. जागा जितकी थोडी तितकी ही निवड अवघड होते. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यासारख्या दाट वस्तीत तर घराच्या मालकीची मोकळी जमीन जवळजवळ नसतेच. असतात त्या गच्च्या, जिन्याचे कठडे आणि गल्लीकडे उघडणारे हातभर रुंदीचे सज्जे.

‘मंडी’ म्हणजे घाऊक बाजार. मराठी ‘मंडई’चे हे सख्खे भावंड. मंडी मोहल्ला शहराच्या जुन्या भागात आहे. देवराज मार्केट तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, आणि त्या मार्केटसमोरून जाणारा मोठा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. मार्केटातल्या फुलांच्या ओळीत मोगऱ्याला ‘दुंडु मल्लिगे’ म्हणतात, कुंदाला ‘काकड’, जाईला ‘जाजी’, निशिगंधाला ‘सुगंधराज’ आणि गुलबक्षीला ‘संजे मल्लिगे’, म्हणजे सांजेची मल्लिका. गुंफलेली फुले हाताच्या मापाने, ‘मोळ’ आणि ‘मारु’ या हिशेबाने विकली जातात. मोहल्ल्यातल्या दखनी बोलणाऱ्या घरांत तीच झाडे ‘रात की रानी’, ‘मोतिया’, ‘गुलशब्बो’ होतात. फारसीत शब म्हणजे रात्र. मराठीतला ‘गुलछबू’ हा त्याच शब्दाचा नातलग, आणि ‘गुलबास’ हा ‘गुलअब्बास’चा. म्हैसूरला मल्लिगेचा अभिमान किती आहे हे सांगायला एवढे पुरे, की म्हैसूर, उडुपी आणि हडगली या तिन्ही गावांच्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि के. एस. नरसिंहस्वामींचा १९४२ साली आलेला ‘मैसूर मल्लिगे’ हा काव्यसंग्रह कन्नड घराघरांत पोहोचला.

गंध रात्रीच का, याचे उत्तर पतंगांत आहे. दिवसा फुलांकडे येणाऱ्या मधमाश्या आणि फुलपाखरे रंग पाहून येतात. रात्री रंग दिसेनासा होतो, म्हणून निशाचर पतंगांना बोलावणारी फुले बहुधा पांढरी किंवा फिकी असतात, त्यांची नळी लांब व अरुंद असते, मध नळीच्या तळाशी असतो आणि बोलावण्याचे काम वासावर सोपवलेले असते. लांब सोंडेचे पतंग फुलावर न बसता त्याच्यासमोर हवेत तरंगत मध पितात. सोंडेची आणि नळीची लांबी किती जुळते याचा प्रसिद्ध दाखला चार्ल्स डार्विनचा. १८६२ साली मादागास्करच्या एका आमरीची सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची मधनळी पाहून त्याने सांगितले, की एवढ्या सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. त्या पतंगाचे वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर डार्विनला जाऊन दोन दशके उलटली होती.

पाकळ्यांमधली सुगंधी द्रव्ये म्हणजे चटकन उडून जाणारे रेणू. ते बनवायला झाडाला साखर खर्चावी लागते, आणि गिऱ्हाईक रात्री येणार असेल तर दिवसा दुकान उघडे ठेवण्यात तोटाच. म्हणून ही झाडे वेळ पाळतात, आणि ती वेळ आतून ठरते. रातराणीवर ओव्हरलँड या संशोधिकेने केलेला अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. बाहेरचा दिवस-रात्रीचा फरक काढून घेतला तरी फुलांचे उमलणे आणि वास सोडणे ठराविक तालात चालू राहते, असे त्यातून दिसले. झाडाच्या पेशींत घड्याळ आहे. सूर्य ते रोज लावून देतो एवढेच. रातराणीची कुंडी दिवसा अंधाऱ्या खोलीत ठेवून दुपारी वास घेण्याचा बेत त्यामुळे फसतो.

मोगरा, जाई, निशिगंध यांच्या वासात बेंझिल ॲसिटेट, लिनालूल, मेथिल बेंझोएट अशी गोड, फुलासारखी द्रव्ये असतात. मल्लिकावर्गातल्या फुलांत इंडोल नावाचे एक द्रव्यही असते. ते अगदी थोडे असले की मोगऱ्याला भरीवपणा येतो आणि जास्त झाले की नाकाला सडका, विष्ठेसारखा दर्प जाणवतो. अंगणातला मोगरा मोहक आणि बंद खोलीतल्या परडीभर मोगऱ्याने डोके जड, या अनुभवामागे हेच प्रमाण आहे. आणखी एक गोष्ट नाकाची. एकाच वासात काही मिनिटे राहिले की नाक तो वास नोंदवणेच सोडते. खिडकीत झाड लावणाऱ्याला म्हणून आपल्या झाडाचा वास सर्वांत कमी येतो आणि समोरच्या घराला सर्वांत जास्त. रात्री वारा मंदावतो, हवेचे थर एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, त्यामुळे अरुंद गल्लीत गंध साचून राहतो. शेजार सांभाळायचा असेल तर उग्र वासाची झाडे गच्चीवर आणि सौम्य वासाची सज्जात, हा साधा नियम उपयोगी पडतो. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडते म्हणून ते घरात नको, ही भीती मात्र पोकळ आहे. दोन-चार कुंड्या रात्रभरात जेवढा वायू सोडतात त्याहून कितीतरी अधिक शेजारी झोपलेले माणूस सोडते.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर. तोही कोकणासारखा एका दमात पडत नाही. मे महिन्यात वळवाचा एक जोर, मग मधला रिमझिम काळ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरा जोर. या हवेत रात्रफुलांचा हंगाम लांबतो. पुण्या-नाशिकला जी झाडे थंडीत गप्प होतात ती इथे थोडीफार हलती राहतात. अडचण हवेची नसून उन्हाची आहे. दोन-तीन मजली घरांच्या मधल्या गल्लीत थेट ऊन दिवसाचा तास-दीड तास उतरते, आणि ही बहुतेक झाडे रात्री फुलत असली तरी ऊन खाऊन जगणारी आहेत. मोगऱ्याला किमान पाच-सहा तास ऊन हवे; नाही मिळाले तर पाने हिरवीगार आणि कळी एकही नाही. रात्री फुलते म्हणून सावलीत चालेल, ही समजूत रोपवाटिकेतून नुकतेच रोप आणलेल्यांत फार दिसते आणि तिच्यामुळेच बरीच झाडे फुकट जातात.

ऊन गच्चीवर आहे म्हणून कुंड्या गच्चीवर जातात, तिथे प्रश्न वजनाचा येतो. १२ इंची मातीच्या कुंडीत १५ लिटरच्या आसपास माती मावते. पाणी घातल्यावर कुंडीसकट वजन २५ ते ३० किलो भरते. अशा वीस कुंड्या म्हणजे अर्धा टन. जुन्या म्हैसुरी घरांवर लाकडी तुळया, विटा आणि चुन्याची मद्रास गच्ची असते, काहींवर मंगलोरी कौले. अशा गच्चीच्या मधोमध कुंड्यांची आरास मांडू नये. कुंड्या खालच्या भिंतीच्या रेषेवर, कडेकडेने ठेवाव्यात आणि विटांवर उचलून ठेवाव्यात म्हणजे खालची फरशी सुकते. कुंडीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडी वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करतात. काथ्याने वजनही उतरते. मूठभर कडुलिंबाची पेंड मिसळली तर मुळांच्या किडीला आळा बसतो.

रातराणी या सगळ्यांत नावाजलेली आणि सर्वांत उग्र. ती मूळची वेस्ट इंडिज बेटे आणि मध्य अमेरिकेची. वांगे, बटाटा, मिरची, धोत्रा यांच्या कुळातली, आणि धोत्र्याचा स्वभाव थोडा तिच्यातही उतरला आहे: पाने, फुले आणि विशेषतः पांढरी बोराएवढी फळे विषारी असतात. लहान मुले किंवा शेळ्या जिथे पोहोचतात तिथे फळे धरण्यापूर्वीच मोहोर खुडून टाकावा. हिची एक बहीण दिवसा दरवळते, तिला हिंदीत ‘दिन का राजा’ म्हणतात. तिची पाने खाल्लेल्या गुरांच्या रक्तवाहिन्यांत आणि स्नायूबंधांत कॅल्शियम साचते. दिसायला दोघी जवळच्या असल्याने फुलांचा वास कधी येतो हे विचारूनच रोप घ्यावे.

रातराणीची फुले एकेकटी पाहायला गेले तर निराशाच होते. पेराएवढ्या लांबीच्या हिरवट पांढऱ्या नळ्या, टोकाला चिमुकली चांदणी. पण एका फांदीवर त्यांचे घोस लागतात आणि एका बहरात झाडावर शेकड्यांनी नळ्या उघडतात. बहर आठवडा-दहा दिवस टिकतो, मग झाड काही आठवडे विसावते आणि पुन्हा फुलते. बहर नव्या फांद्यांवर येत असल्यामुळे फुले ओसरताच फांद्यांचा वरचा तिसरा भाग छाटणे हीच तिची खरी मशागत. छाटणी न केलेली रातराणी माणसाच्या उंचीपुढे जाते, खालून उघडी पडते, आणि फुले शेजाऱ्याच्या गच्चीवर येतात. पावसाच्या तोंडावर पेन्सिलच्या जाडीची सहा-आठ इंची काडी वाळूत खोचली तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरते. कुंडी १४ इंची हवी. पाणी ती सपाट्याने पिते. एप्रिलच्या दुपारी पाने लोंबकळताना दिसतात आणि संध्याकाळच्या पाण्याने ताठ होतात. नत्रयुक्त खत जास्त झाले की ती नुसती पानांची होते. शेंड्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतात. साबणाच्या पातळ पाण्याने दोन-तीन वेळा धुतले की आटोक्यात राहतात.

तिची जागा झोपण्याच्या खोलीपासून दहा-पंधरा हात तरी दूर असावी. दमा किंवा अर्धशिशी असलेल्यांना तिचा बहर त्रासदायक ठरतो, आणि दाटीच्या वस्तीत असे माणूस शेजारी असण्याची शक्यता बरीच. मोठ्याऐवजी लहान झुडूप ठेवले, बहर एकाच वेळी पूर्ण न येऊ देता अर्ध्या फांद्या आधी आणि अर्ध्या पंधरा दिवसांनी छाटल्या, तर गंध पातळ होऊन अधिक दिवस पुरतो. शेजारी टिकवण्याचा हा उपाय पुस्तकांत सहसा नसतो.

रातराणीपाशी साप येतो, हा समज मराठी आणि कन्नड दोन्ही मुलखांत सारखाच पक्का आहे. सापाला फुलाच्या वासात रस नसतो. तो जिभेने हवेतले कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो आणि भक्ष्याचा माग काढतो. न छाटलेल्या, जमिनीलगत दाट झालेल्या झुडपात मात्र गारवा असतो, फुलांवर किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली, आणि त्यांच्यामागे कधीतरी साप. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरच्या कुंडीला ही साखळी लागू पडत नाही. केवड्याबद्दलची समजूतही अशीच.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो उग्र असूनही घराला सहसा खुपत नाही. त्याच्या जाती अनेक: एकेरी पाकळ्यांचा साधा मोगरा, गोल घट्ट कळ्यांचा बटमोगरा, लांबट कळीचा मदनबाण, लहान गुलाबासारखा भरगच्च हजारी. माळेसाठी बटमोगरा बरा, वासासाठी एकेरी आणि मदनबाण. हजारीचे फूल देखणे असते पण ते ओळीत गुंफायला जड जाते.

मोगऱ्याच्या मशागतीचे सूत्र छाटणी आणि तहान या दोन शब्दांत आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झुडूप जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटरवर छाटावे, वाळक्या व आत वळलेल्या फांद्या काढाव्यात आणि उरलेली पानेही खुडावीत. मग दोन-तीन आठवडे पाणी फक्त झाड मरू नये इतपत. त्यानंतर शेणखत घालून पाणी वाढवले की नवी फूट येते आणि तिच्या टोकांना फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या लागतात. म्हैसूरच्या मेमधल्या वळवाने हा बहर आणखी लांबतो. छाटणीला धजावत नाही तो पुढच्या वर्षी वेलासारख्या लांब, बोडक्या फांद्या पाहतो. पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहिल्या तर ती लोहाची कमतरता. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत ती हमखास दिसते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा पानांवर फवारले की रंग परततो. कळ्या जांभळट होऊन आतून पोखरलेल्या निघाल्या तर कळी पोखरणारी अळी समजावी. अशा कळ्या वेचून नष्ट करणे हाच घरगुती इलाज.

कळ्या तोडण्याची वेळही ठरलेली असते. सकाळी ऊन चढण्याआधी, कळी पूर्ण भरून पांढरी झाली पण उघडली नाही तेव्हा. ती संध्याकाळी घरात उमलते. गुलाब तोडला की त्याचा वास ओसरू लागतो. मोगरा आणि जाई मात्र तोडल्यावरही रात्रभर गंध बनवत राहतात. फुलेल काढण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे: सोललेल्या तिळांचे आणि ताज्या फुलांचे थर रचायचे, रोज फुले बदलायची, आणि तिळांनी वास पिऊन घेतला की ते घाण्यात घालायचे. फ्रान्समधल्या ग्रास गावी हेच काम चरबीच्या पाटांवर चाले. ओलसर आवरणात गुंडाळलेली कळी लवकर सुकत नाही म्हणून देवराज मार्केटात फुले केळीच्या पानांत बांधून मिळतात. घरचा मोगरा असला तरी हीच रीत पाळावी.

निशिगंध कंदाचा, आणि कुंडीसाठी सर्वांत कमी जागा मागणारा. तो मेक्सिकोचा. मार्च-एप्रिलात किंवा पावसाच्या सुरुवातीला दीड ते तीन सेंटीमीटर जाडीचे कंद पाचेक सेंटीमीटर खोल लावले की तीन महिन्यांच्या आसपास दांडा निघतो. १२ इंची कुंडीत तीन-चार कंद सहज मावतात. एकेरी जातींना वास जास्त, दुहेरी जातींना टिकाऊपणा. अत्तरवाले एकेरीच घेतात. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘शृंगार’, ‘सुवासिनी’, ‘प्रज्वल’ या जाती काढल्या. ‘शृंगार’ हा एकेरी आणि दुहेरी यांचा संकर, आणि ‘प्रज्वल’मध्ये ‘शृंगार’चेच रक्त आहे. फुले दांड्यावर खालून वर उमलत जातात, म्हणून एक दांडा आठ-दहा रात्री पुरतो. कंद पाण्यात कुजतो. ऑक्टोबरच्या पावसात कुंडी छपराखाली ओढणे शहाणपणाचे.

ब्रह्मकमळाबद्दल नावाचाच घोळ आहे. घरोघरी कुंडीत लोंबणारे, पानाला पान फुटणारे ते झाड म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाचे निवडुंग. पाने वाटतात ती त्याची चपटी खोडे. उत्तराखंडाचे राज्यफूल असलेले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले. ते हिमालयात ३,००० मीटरच्या वर वाढते आणि म्हैसूरच्या गच्चीवर येण्याचा प्रश्नच नाही. पण निवडुंगाने ते नाव असे काही घेतले आहे की आता परत मागणे कठीण.

मंडी मोहल्ल्याच्या सज्जाला हेच झाड सर्वांत योग्य, कारण त्याला कडक ऊन सोसतच नाही. सकाळचे तासभर कोवळे ऊन आणि दिवसभर उजेड पुरतो. पान कापून तीन-चार दिवस सावलीत ठेवावे, कापलेली कड सुकली की विटांचे तुकडे, काथ्या, शेणखत आणि थोडी माती अशा भुसभुशीत मिश्रणात लावावे. कुंडी जरा दाटच हवी. मोठ्या कुंडीत ते पानेच वाढवत बसते. फुले यायला दोन-तीन वर्षे लागतात. पावसाळ्यात पानाच्या खाचेतून कळी निघते, देठ लांबत जातो, कळी आधी लोंबते आणि उमलण्याच्या आदल्या किंवा त्याच दिवशी हंसाच्या मानेसारखी वर वळते. ती वळली, की रात्री जागे राहायचे. साडेआठ-नऊला पाकळ्या हलू लागतात, मध्यरात्रीच्या सुमाराला पसाभर फूल पूर्ण उघडते आणि उजाडता उजाडता मान टाकते. महाराष्ट्रात अशा रात्री फुलाची हळदकुंकू वाहून पूजा होते, शेजारीपाजारी बोलावले जातात, कॉफी होते. कर्नाटकातही हेच चालते. एका रात्रीसाठी वर्षभर पाणी घालणे अव्यवहारी खरे, पण गल्लीतली दहा माणसे एका कुंडीभोवती जमवणारे दुसरे झाड नाही.

पारिजातकाला खरे म्हणजे जमीन हवी. तो लहान वृक्ष आहे. मोठ्या पिंपात वाढतो, पण दर दोन वर्षांनी मुळे छाटून माती बदलावी लागते. ऑगस्टपासून हिवाळ्यापर्यंत तो फुलतो. शास्त्रीय नावाचा अर्थ ‘रात्रीचे फूल, दुःखी झाड’ असा होतो, आणि ‘दुःखी झाड’ ही कल्पना युरोपला गोव्याने दिली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचे औषधी वनस्पतींवरचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात एक प्रकरण याच झाडावर आहे. सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याने टाकून दिल्यावर जीव देणाऱ्या एका मुलीच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून ते सूर्याचे तोंड पाहत नाही, ही कथा ओर्ताने तिथल्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवली. लिनियसने १७५३ मध्ये नाव देताना ते दुःख तसेच राखले. मराठी मनाला आठवते ती मात्र दुसरी कथा: झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुले रुक्मिणीच्या. भिंतीला भिंत लागलेल्या मोहल्ल्यात ही अडचण पुराणापुरती राहत नाही. केशरी देठांतून रेशमाला पिवळा-केशरी रंग देण्याची रीत जुनी आहे, आणि जमिनीवर पडलेले फूल देवाला चालते असे मानले जाणारे हे विरळ झाड.

उरलेली झाडे थोडक्यात. गुलबक्षी बी टाकले की येते, कंदातून वर्षानुवर्षे फुटते; वास सौम्य, सज्जाला चालणारा. काळ्या मिऱ्यासारख्या बिया विषारी आहेत. याच झाडाच्या चितकबऱ्या पानांवरून कार्ल कोरेन्सने १९०९ मध्ये दाखवले, की काही गुण फक्त आईकडून येतात. मधुमालती जिन्याच्या लोखंडी जाळीवर छान चढते. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल, म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात. रात्री पांढऱ्या फुलांवर पतंग येतात, दिवसा रंगीत फुलांवर माश्या. सोनटक्क्याला ओल लागते. नळाजवळच्या अर्ध्या सावलीत तो पावसाळाभर फुलतो. क्युबाने त्याला राष्ट्रीय फूल केले आहे. जाई आणि जुई वेलावर चढवाव्या लागतात. त्यांची छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारी.

रोपे घेण्याची आणि लावण्याची सोयीची वेळ दोन: जूनचा आरंभ, किंवा दसऱ्याचा सुमार. दसऱ्याला कुप्पण्णा पार्कात बागायत खात्याचे फलपुष्प प्रदर्शन भरते, पाऊस अजून हातात असतो आणि ऊन उतरलेले असते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासावी. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. रातराणीच्या वासाने डास पळतात यावर भिस्त ठेवू नये.

झाड नीट वाढले, फुलले, तरी ज्याच्यासाठी ते दरवळते तो पतंग शहरात येईलच असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये अंधाऱ्या कुरणांवर दिवे लावून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: दिव्यांखाली रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रानफुलांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहनांच्या धुरातून रात्री हवेत तयार होणारे नायट्रेट मूलक गंधाचे रेणू मोडतात आणि पतंगाला फुलाचा माग लागत नाही, असे त्यात आढळले. रस्त्यावरचा दिवा विझवणे कुणाच्या हातात नसते, पण गच्चीवरचा दिवा काम संपल्यावर बंद करता येतो, आणि झाडाला आडोसा देऊन प्रकाश अडवता येतो. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे अळीला खाणे ठेवणे. कण्हेरीवरचा हिरवा-गुलाबी मोठा पतंग आपली अंडी कण्हेर आणि तगरीवर घालतो, आणि राखी रंगाचा, लांब सोंडेचा दुसरा पतंग रताळ्याच्या व गारवेलीच्या कुळातल्या वेलींवर. अळी बोटाएवढी मोठी, मागे शेपटीसारखा काटा, आणि दोन दिवसांत तगरीची फांदी बोडकी करणारी; ती दिसली की घरातले कुणीतरी औषध फवारायला धावते. ती माणसाला चावत नाही. एक कुंडी तगर तिच्यासाठी सोडली, तर काही आठवड्यांनी रातराणीसमोर अंधारात पंख घुमवत उभा राहिलेला तो पतंग दिसू शकतो. सोंड नळीत जाते, क्षणभर थांबते, आणि तो पुढच्या फुलाकडे सरकतो.